निजामाची रयत ते भारताचे नागरिक : बाबासाहेब आणि आपले संघराज्य

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे घटनेचे शिल्पकार आहेत, हे आपल्या वस्तीतलं शाळकरी पोरगंही सांगतं. पण त्या घटनेत त्यांनी नेमकं काय घडवलं असं विचारलं, तर आपण बहुतेक जण मतदानाचा हक्क आणि राखीव जागा या दोन गोष्टींवर थांबतो. घटनेचा फार मोठा भाग मात्र वेगळ्याच प्रश्नाला वाहिलेला आहे. देशाचा कारभार दिल्लीने किती पाहायचा आणि राज्याने किती? कर कोणी गोळा करायचा, खर्च कोणी करायचा? दोन राज्यांचं भांडण जुंपलं तर निवाडा कोणी द्यायचा? या सगळ्या व्यवस्थेला संघराज्य म्हणतात.

विषय रुक्ष वाटतो, कोर्टकचेरीतला वाटतो. परंतु बाबासाहेबांनी विद्यार्थीदशेपासून अखेरच्या वर्षापर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, या विषयाची पाठ सोडली नाही. आणि आपल्या बीड जिल्ह्याला तर तो परका वाटूच नये. कारण १९४८ पर्यंत आपले वाडवडील इंग्रजांची रयत नव्हते, निजामाची होते. मुंबई इलाख्यातल्या माणसाला जे थोडेफार हक्क कायद्याने मिळत होते, तेही आपल्याकडे नव्हते. अशा प्रजेला भारताचे नागरिकत्व कसे मिळाले, ही हकिकत बाबासाहेबांच्या चरित्रातूनच समजून घ्यावी लागते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या चरित्राचा एवढाच एक धागा हाती घेतला आहे.

संस्थानांचा अनुभव

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. महू ही इंग्रजांची लष्करी छावणी, पण तिच्या चहूबाजूला मुलूख होळकरांच्या इंदूर संस्थानाचा. वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीत होते. म्हणजे जन्मापासूनच हिंदुस्थानचे दोन तुकडे त्यांच्या वाट्याला आले होते. एक इंग्रजांच्या कायद्याचा, दुसरा राजेरजवाड्यांच्या मर्जीचा.

राजांची मर्जी चांगली असली की काय होते, तेही त्यांनी अनुभवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदतीचा हात दिला. हे उपकार बाबासाहेब कधी विसरले नाहीत. पण १९१७ साली करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत दिवस काढावे लागले, आणि जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. राजा भला होता, शिकलेला होता, सुधारक होता. तरीही त्याच्या राज्यात या विद्वान माणसाला डोके टेकायला छप्पर नव्हते. राजा चांगला असून भागत नाही, हक्क कायद्याने बांधलेला असावा लागतो, हा धडा तिथे मिळाला.

दुसरा धडा आपल्या मराठवाड्यातला आहे. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला निजामाच्या हद्दीत आले होते. दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या हौदात मंडळींनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून एकच कालवा झाला. शेवटी किल्ला पाहायची मुभा मिळाली, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला गेला. मुंबई कौन्सिलचे सभासद राहिलेला, विलायतेत गोलमेज परिषद गाजवून आलेला हा माणूस. त्याची ही गत, तर आपल्या आज्या-पणज्यांची काय असेल?

तिजोरीचा अभ्यास

कोलंबियात बाबासाहेबांनी संशोधनासाठी जो विषय घेतला तो जातीचा नव्हता, तिजोरीचा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात वरिष्ठ सरकार आणि प्रांत यांचे पैशाचे संबंध कसे घडत गेले, याचा त्यांनी १८३३ पासूनचा मागोवा घेतला. तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातली मुख्य गोष्ट आपल्या घरातल्या उदाहरणाने समजते. एकत्र कुटुंबात सगळी कमाई थोरल्याच्या हाती आणि खर्च करणारे धाकटे. धाकट्याला काटकसर करायचं कारणच उरत नाही, कारण वाचलं तरी ते थोरल्याकडे जाणार. इंग्रजी अंमलात प्रांतांचे असेच झाले होते. म्हणून १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली, मग काही उत्पन्नाच्या बाबी सोपवल्या गेल्या, मग काही बाबींत वाटा ठरला. पण हे सारे वरच्या सरकारच्या सोयीने चालत होते. दिलेले परत घेता येत होते. प्रांताचा त्यावर हक्क असा काही नव्हता.

दान आणि हक्क यांतला हा फरक बाबासाहेबांनी पंचविशीत ओळखला. पुढे घटनेत जे संघराज्य आले, त्याचे एक मूळ या अभ्यासात आहे.

गोलमेज परिषद आणि संस्थानी प्रजा

१९३० च्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तिथे संस्थानिकांनी संपूर्ण हिंदुस्थानच्या संघराज्यात यायची तयारी दाखवली. प्रांत आणि संस्थाने एका छपराखाली येणार म्हणून बऱ्याच पुढाऱ्यांना आनंद झाला. १९३१ सालच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेबांना संघराज्याची रचना ठरवणाऱ्या समितीवर घेण्यात आले. त्यांनी तिथे एक साधा पण अडचणीचा मुद्दा मांडला. संस्थानांचे प्रतिनिधी कोण निवडणार? राजा नेमणार असेल तर तो राजाचा माणूस झाला, प्रजेचा नव्हे. शिवाय संघराज्यात यायचे तर त्या संस्थानाला आपल्या प्रजेला माणसासारखे जगवण्याची ऐपत आहे का, हेही पाहिले पाहिजे.

राजांच्या पंगतीत बसून राजांच्या प्रजेची बाजू घेणारी माणसे तिथे किती होती? बाबासाहेबांच्या त्या मागणीत निजामाच्या मुलखातला, नाव नसलेला, पाटलाच्या वाड्यापुढे वाकून जाणारा माणूसही आपोआप येत होता.

पुढे १९३५ चा कायदा झाला. प्रांतांचा भाग १९३७ मध्ये अमलात आला. संघराज्याचा भाग मात्र पुरेशी संस्थाने सामील झाल्यावर सुरू व्हायचा होता. त्यातले आकडे पाहण्यासारखे आहेत. खालच्या सभागृहात ३७५ जागा, त्यांतल्या १२५ संस्थानांना. म्हणजे लोकसंख्या जेमतेम चौथाई, आणि जागा एक तृतीयांश. त्या सगळ्या जागांवर राजे आपली माणसे नेमणार होते. ती योजना अमलात आली असती, तर दिल्लीत बीडच्या वतीने निजामाचा माणूस बसला असता.

मकरणपूर आणि पुणे

३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मकरणपूरला मराठवाड्यातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. भाऊसाहेब मोरे यांचा त्यात पुढाकार होता. परिषद मकरणपूरलाच का, तर ती जागा इंग्रजी हद्दीत होती. औरंगाबाद निजामाच्या अमलाखाली, तिथे बोलायला बंदी. पोलिसांना न जुमानता लोक शिवना नदी ओलांडून गेले. एका काठाला बोलायची मुभा आणि दुसऱ्या काठाला बंदी, ही त्या वेळच्या हिंदुस्थानची अवस्था होती. एकाच भाषेची, एकाच जातीची, एकमेकांचे सोयरे असलेली माणसे, पण नदीगणिक त्यांचे हक्क बदलत होते.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, २९ जानेवारी १९३९ रोजी, बाबासाहेबांनी पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेत संघराज्यावर व्याख्यान दिले. १९३५ च्या योजनेची त्यांनी कलमागणिक चिरफाड केली. त्यांचा विरोध संघराज्य या कल्पनेला नव्हता. इंग्रजी मुलखातली प्रजा निवडून देणार, संस्थानी प्रजा मुकाट बसणार, आणि राजांच्या नेमलेल्या माणसांच्या जोरावर लोकांच्या सरकारला लगाम घातला जाणार, अशा संघराज्यातून स्वातंत्र्य येणार नाही, उलट त्याची वाट अडेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ती योजना बासनात गेली.

हैदराबादचा प्रश्न

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज यांचे कामही त्यांच्याकडे होते. दामोदर नदी तेव्हा बिहारातून बंगालमध्ये जात होती. वर धरण बांधायचे एका प्रांताने, पुरातून वाचायचे दुसऱ्याने. अशा वेळी केंद्राने मध्ये पडून दोघांना एकत्र आणले पाहिजे, हे त्यांनी त्या कामातून दाखवले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला, त्याची पायाभरणी त्यांच्या काळातली आहे.

१९४७ साली इंग्रज निघाले, तेव्हा आता आपण स्वतंत्र, असे काही संस्थानिक म्हणू लागले. त्रावणकोर आणि हैदराबाद त्यांत पुढे होते. बाबासाहेबांनी जून १९४७ मध्ये निवेदन काढून सांगितले, की संस्थानांना असे स्वतंत्र होण्याचा अधिकार कायद्याने पोहोचत नाही, आणि त्यांच्या भल्याचा मार्ग भारतात येण्याचाच आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी हैदराबादच्या दलितांसाठी वेगळे निवेदन काढले आणि कोणत्याही परिस्थितीत निजामाची बाजू घेऊ नका असे बजावले. रझाकारांच्या त्या धामधुमीत हे उघडपणे सांगणे सोपे नव्हते. निजाम पैशाने आणि आमिषाने माणसे वळवू पाहत होता. पण ज्या राज्यात प्रजेला आवाज नाही, त्या राज्याच्या पदराआड जाऊन कुणाचेही भले होणार नाही, हे बाबासाहेबांचे मत पक्के होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मोकळे झाले. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा विचारासाठी ठेवला.

घटनेची घडण

मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली होती आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. संघराज्याबाबत त्यांनी जी रचना समजावून दिली, ती अशी.

भारत हा राज्यांचा संघ आहे. पण राज्यांनी आपसात करार करून तो जन्माला घातलेला नाही. म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघता येत नाही. कारभाराच्या सोयीसाठी देश राज्यांत वाटलेला आहे, माणसे मात्र एकाच देशाची आहेत.

अमेरिकेत राज्याचे नागरिकत्व निराळे आणि देशाचे निराळे. प्रत्येक राज्याची घटनाही स्वतंत्र. आपल्याकडे नागरिकत्व एकच, भारताचे. आज बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची टोळी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते. त्यांना तिकडे कुणाच्या परवान्याची गरज नाही. तिथे ते उपरे असतील, पण परदेशी नाहीत. देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा, कष्ट करून पोट भरण्याचा हक्क त्यांच्या कनवटीला बांधलेला आहे. मकरणपूरला नदी ओलांडताना पोलीस आडवे आले होते, ते दिवस आठवा, म्हणजे या एका नागरिकत्वाचे मोल कळेल.

कामाची वाटणी तीन याद्यांत केली. संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे, चलन अशा बाबी केंद्राच्या यादीत. पोलीस, आरोग्य, शेती, पाणी, जमीन महसूल या राज्याच्या यादीत. फौजदारी कायदा, मजुरांचे प्रश्न अशा बाबी दोघांच्या सामाईक यादीत, आणि तिथे दोन कायद्यांचा मेळ बसला नाही तर सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो. सुरुवातीला या याद्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ बाबी होत्या. कोणत्याच यादीत नसलेले विषय केंद्राकडे. वाद निघाला तर निवाडा सर्वोच्च न्यायालयाचा.

केंद्र फार बलवान केले, अशी टीका तेव्हाही झाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला उत्तर दिले. राज्याला अधिकार मिळाले ते दिल्लीच्या मेहेरबानीने नव्हेत, घटनेने. केंद्र आपल्या साध्या कायद्याने ते काढून घेऊ शकत नाही. आपापल्या हद्दीत दोघेही सारखे. कोलंबियातल्या त्या प्रबंधाची इथे आठवण होते. जे पूर्वी दान होते, ते आता हक्क झाले होते.

त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती विहारात येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. सभा कशी बसवायची, ठराव कसा मांडायचा, गणसंख्या किती हवी, मते कशी मोजायची, हे नियम बुद्धांच्या भिक्खू संघाला ठाऊक होते. लोकशाही ही आपल्याला परकी नाही, आपण ती गमावली होती आणि आता पुन्हा मिळवली आहे, हे त्यांना दाखवून द्यायचे होते.

दुबळ्याचा हक्क कुणाच्या हाती?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अधिकार दिल्लीला द्यायचा की राज्याला, हे बाबासाहेब कशावरून ठरवत होते? त्यांची कसोटी एकच दिसते. गावातल्या सगळ्यांत दुबळ्या माणसाचा हक्क कुठे सुरक्षित राहील?

तीन उदाहरणे पाहा. पहिले, निवडणुकीचे. सुरुवातीच्या आराखड्यात प्रांतांच्या निवडणुकांसाठी वेगळे आयोग होते. पण काही प्रांतांत परभाषिक आणि परजातीच्या लोकांची नावे मतदार यादीतून गाळली जात असल्याच्या तक्रारी आल्या. जून १९४९ मध्ये बाबासाहेबांनी ते कलम बदलून लोकसभा आणि विधानसभा दोन्हींच्या निवडणुका एकाच केंद्रीय आयोगाकडे दिल्या. दुसरे, अस्पृश्यतेचे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. पण तिच्याबद्दल शिक्षा ठरवण्याचा अधिकार पस्तिसाव्या कलमाने राज्यांना न देता संसदेलाच दिला, म्हणजे हा गुन्हा एका राज्यात जबर आणि दुसऱ्यात किरकोळ असे होणार नाही. त्यातूनच १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. तिसरे, खेड्याचे. खेड्याला घटनेचा पाया मानावे असे अनेकांना वाटत होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. जिथे एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला वेशीबाहेरची वस्ती, तिथे सगळी सत्ता गावाच्या हाती देणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

केंद्राच्या ताकदीचे धोकेही त्यांना दिसत होते. राज्यात घटनेप्रमाणे कारभार चालणे अशक्य झाले तर राष्ट्रपती राजवट आणण्याचे ३५६ वे कलम घटनेत आहे. ते वापरायची वेळच येऊ नये, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. ती आशा फोल ठरली. देशभरात शंभराहून अधिक वेळा ते वापरले गेले, महाराष्ट्रातही १९८०, २०१४ आणि २०१९ साली. शेवटी १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली.

भाषावार राज्ये आणि मराठवाडा

२६ जानेवारी १९५० ला हैदराबाद हे भारताचे एक राज्य झाले. गंमत अशी, की निजामच राजप्रमुख म्हणून वर बसला होता. लष्करी अंमल संपून मुलकी अधिकाऱ्याचे सरकार आले होते. लोकांनी निवडलेले सरकार १९५२ च्या निवडणुकीनंतर आले. आपल्या भागातल्या महारा-मांगांनी, बायाबापड्यांनी तेव्हा पहिल्यांदा देशाच्या आणि राज्याच्या सभागृहासाठी मत टाकले. त्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून पराभूत झाले, आणि मग मुंबई राज्याच्या आमदारांच्या मतांवर राज्यसभेत गेले. राज्यांचा आवाज दिल्लीत पोहोचवणारे हे सभागृह.

दरम्यान १९५० च्या जूनमध्ये त्यांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. बीड जिल्ह्यातल्या किती घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९५५ साली भाषावार राज्यांवर त्यांनी छोटा पण महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. एका राज्यात एक भाषा असावी हे त्यांना मान्य होते. पण एका भाषेचे एकच अवाढव्य राज्य झाले पाहिजे असे नाही. मोठी राज्ये लहानांना दाबतात, आणि राज्यातली मोठी जात लहान जातींना दाबते, अशी त्यांना धास्ती होती. म्हणून उत्तर प्रदेशचे तीन, बिहार आणि मध्य प्रदेशचे दोन-दोन भाग करावेत असे त्यांनी सुचवले. पुढे २००० साली या तिन्ही राज्यांतून नवी राज्ये निघाली. मराठी मुलखाचे त्यांनी मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग सुचवले होते. मराठवाडा मध्य महाराष्ट्रात. निजामाने दोनशे वर्षे या भागाची उपेक्षा केली, तो पुढारलेल्या भागाला जोडला तर मागेच राहील, हे त्यांचे कारण होते.

त्यांची ही सूचना मानली गेली नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेला आहे. त्याप्रमाणे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याआधी १४ ऑक्टोबरला नागपूरची धम्मदीक्षा झाली होती. आणि पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाड्याच्या उपेक्षेची त्यांची चिंता मात्र खोटी नव्हती. घटनेच्या ३७१ व्या कलमात वेगळ्या विकास मंडळाची सोय १९५६ मध्येच झाली, पण मंडळ प्रत्यक्षात आले १९९४ साली, आणि त्याची मुदत २०२० च्या एप्रिलअखेर संपली.

आपण काय समजून घ्यावे

संघराज्य कसे चालते, हे पाहायला दिल्लीला जायला नको. बीडला बसूनही ते दिसते. गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या उत्तर हद्दीने वाहते आणि पुढे तेलंगणात जाते. तिच्या पाण्याची वाटणी १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादापुढे झाली, आणि असा लवाद नेमण्याची वाट घटनेच्या २६२ व्या कलमात आहे. रेल्वे केंद्राची, पण अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले. दोघांच्या पैशाची वाट पाहता पाहता बीडला पहिली गाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडले. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा दर पाच वर्षांनी वित्त आयोग सुचवतो. पंधराव्या आयोगाने तो ४१ टक्के सांगितला होता.

आपल्या समाजाचेच उदाहरण घ्या. बौद्ध झालेल्यांना महाराष्ट्र सरकारने १९६० पासून सवलती दिल्या. पण अनुसूचित जातींची यादी केंद्राच्या अखत्यारीतली, तिच्यात बौद्धांना स्थान मिळाले १९९० साली. मधली तीस वर्षे आपल्या मुलांना राज्यात जे मिळत होते, ते केंद्राच्या नोकरीत मिळत नव्हते. विद्यापीठाचा नामविस्तार पाहा. तो राज्याच्या अधिकारातला विषय. विधिमंडळाने १९७८ साली नामांतराचा ठराव केला, आणि प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. अधिकार कुणाचा हे ठाऊक असणे आणि तो बजावून घेणे, यांत केवढे अंतर असते ते यावरून कळावे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा संसदेचा आहे. पण फिर्याद नोंदवून घेणारे पोलीस ठाणे राज्याचे आहे. कायदा वरून आला तरी तो खाली उतरतो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. तिथे टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी तक्रार पाठवता येते, तिथून न्यायालयाची वाट मोकळी असते, आणि वर अनुसूचित जाती आयोगही आहे. एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावता यावे, यासाठीच एवढी दारे आहेत. १९९३ पासून ग्रामपंचायतीलाही घटनेत स्थान मिळाले, पण ते राखीव जागांसह मिळाले. गावाच्या हाती सत्ता गेली तरी वस्तीला तिच्यात वाटा राहावा, ही बाबासाहेबांचीच कसोटी तिथे लागली आहे.

निजामाच्या रयतेला एकच दार होते, आणि ते बहुधा बंद असायचे. बाबासाहेबांनी आपल्याला पुष्कळ दारांचे घर बांधून दिले. कोणते दार कुठे उघडते, हे शिकून घेणे आता आपल्याकडे आहे. विहारात रविवारी मुले जमतात, त्यांना वंदनेसोबत घटनेच्या या तीन याद्याही समजावून सांगाव्यात. आपल्या गावातल्या दवाखान्याची, रस्त्याची, शिष्यवृत्तीची तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची, हे ज्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येक घराला सांगता येईल, त्या दिवशी या घटनेचा खरा उपयोग आपल्या हाती आला असे म्हणता येईल.

जय भीम.